जरा आणि चोत्तो

मराठी माणसाला दुसऱ्याकडे काही मागायचे झाले, की त्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? आज दिवसभर तुम्ही स्वतःच्याच बोलण्याकडे कान देऊन पाहा. "जरा पाणी देता?" "जरा सरकून घ्या." "जरा इकडं या की." तांब्याभर पाणी मागितले तरी ते जरा असते, आणि कोणी पाच हजार रुपये उसने मागायला आला तरी "जरा अडचण होती" असेच सुरू करतो. या 'जरा'चा मापाशी काही संबंध नाही. आपली मागणी लहान करून समोरच्याच्या पुढ्यात ठेवायची, ती त्याला जड वाटू द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. जपानी माणूस नेमक्या याच जागी 'चोत्तो' म्हणतो. चोत्तो म्हणजे थोडे, जरा. "चोत्तो सुमिमासेन्" म्हणजे "जरा ऐकता का?"

सातारा-सांगलीकडच्या माणसापुढे जपानी आर्जवाचा विषय काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन अगदी जवळचे आहे. किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या धंद्यात जपानच्या एबारा कंपनीशी भागीदारी झाली ती १९८८ साली. तेव्हापासून या भागाला जपानी माणूस अगदीच परका राहिलेला नाही. पण तेव्हा ते आपल्याकडे येत होते. आता आपली मुले तिकडे निघाली आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारत आणि जपान यांच्यात तांत्रिक उमेदवारीचा करार झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांसाठी दुसरा. वृद्धांची शुश्रूषा, कारखान्यातले यंत्रकाम, शेती, अन्नपदार्थांचे कारखाने अशा कामांसाठी तिकडे माणसे हवी आहेत. कऱ्हाड, विटा, तासगाव, वाई इकडची मुले-मुली वह्या घेऊन जपानी अक्षरे गिरवताना मला दिसतात. मी मराठी शिकवणारा माणूस. पण चाळिशी ओलांडल्यावर हौसेने जपानी शिकायला बसलो, पुण्याला जाऊन परीक्षा दिल्या, आणि मग ही मुले संध्याकाळी आपापल्या अडचणी घेऊन माझ्याकडे यायला लागली.

त्यांच्या अडचणी अक्षरांच्या फारशा नसतात. अक्षरे पाठ होतात. अडते ते मागण्यापाशी. रजा कशी मागायची, पाळी बदलून कशी मागायची, नको असलेले काम कसे टाळायचे, आणि समोरचा नाही म्हणाला हे ओळखायचे कसे? त्यात २०१७च्या त्या उमेदवारीत एक मेख होती. ज्या मालकाकडे नेमणूक झाली, त्याला सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा उमेदवाराला सहसा नसे. जपानने २०२४ साली ती पद्धत मोडून नवी आणण्याचा कायदा केला, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. ज्याला मालक बदलता येत नाही, त्याला त्याच मालकाशी बोलून वाट काढावी लागते. मग पगार, झोप, तब्येत, सगळे जिभेच्या टोकावर येऊन बसते.

या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की जपानी विनंतीची बरीचशी यंत्रणा मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच बसवलेली आहे. इंग्रजीच्या वाटेने जपानी शिकलात तर ती सापडत नाही. मराठीच्या वाटेने गेलात तर आठवडाभरात हाती लागते. 'काकु' म्हणजे लिहिणे. त्याचे 'काइते' झाले की ते 'लिहून' झाले. आता पुढे बघा. 'काइते मिरु' म्हणजे लिहून बघणे. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'काइते शिमाउ' म्हणजे लिहून टाकणे. यातले 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणे, आणि 'ओकु' म्हणजे खरोखरच ठेवणे. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस "इत्ते किमास्" म्हणतो, म्हणजे अक्षरशः "जाऊन येतो". नुसते 'जातो' म्हणून तोही उंबरा ओलांडत नाही. आणि आत येण्याची परवानगी मागताना "हाइत्ते मो इइ देस् का?" म्हणतो, ते आपले "आत आलं तरी चालेल का?" यात 'तरी'ला 'मो' आहे, 'चालेल'ला 'इइ' आहे. काही उरत नाही, काही कमी पडत नाही.

विनंतीचे सूत्रही हेच. 'काइते कुरेरु' म्हणजे मला लिहून देणे, आणि 'काइते मोराउ' म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेणे. समोरचा माणूस मोठा असला की 'कुरेरु'चे 'कुदासारु' होते आणि 'मोराउ'चे 'इतादाकु'. या दोन्ही शब्दांत उंची भरलेली आहे. कुदासारु म्हणजे वरच्याने खालच्याला देणे. विनंतीचा प्रसिद्ध शब्द 'कुदासाइ' त्यातूनच आला. इतादाकु म्हणजे मुळात डोक्यावर धरणे. देवळातला प्रसाद आपण कपाळाला लावून मग तोंडात टाकतो, तसे घेणे. जेवायला बसताना जपानी माणूस "इतादाकिमास्" म्हणतो, तो हाच शब्द.

वर्गात पहिल्या काही दिवसांतच 'कुदासाइ' शिकवतात, आणि कुदासाइ जोडले की आपण सभ्य झालो, अशी मुलांची समजूत होऊन बसते. "काइते कुदासाइ" म्हणजे "लिहून द्या". तलाठ्यापुढे उभे राहून "दाखला लिहून द्या" म्हटले तर ते काही असभ्य नाही. पण चष्म्यावरून तो तुमच्याकडे एकदा बघेलच. त्याऐवजी आपण काय म्हणतो? "दाखला लिहून मिळेल का?" देण्याचे क्रियापद गेले, मिळण्याचे आले. देणारा पडद्याआड गेला, आणि हुकमाचा प्रश्न झाला. जपानीत हुबेहूब हेच करतात. "काइते इतादाकेमासेन् का?" म्हणजे "लिहून मिळणार नाही का?" वाक्य लांबलचक आहे, मुले त्याला बिचकतात. मी सांगतो, मनातल्या मनात तलाठ्याच्या दारात उभे राहा आणि मग तोंड उघडा. वाक्य आपोआप येईल. येतेही.

मग कुदासाइ चालते कुठे? "सुवात्ते कुदासाइ", बसा. "ताबेते कुदासाइ", खा. इथे साधी आज्ञाही गोड लागते, कारण फायदा ऐकणाऱ्याचा आहे. सगळी मेख या फायद्यापाशी आहे. क्रियापदाचे रूप कोणते यापेक्षा, काम झाल्यावर भले कोणाचे होणार, हे जपानी कान आधी टिपतो. आपल्या भागातल्या माणसाला खरे तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. सातारा-सांगलीची बोली रांगडी, अशी पुण्या-मुंबईकडे तिची ख्याती. 'कृपया' नाही, 'प्लीज' नाही. पण "या की, बसा की, च्या घ्या की" यापेक्षा जास्त आर्जव कुठल्या कृपयात आहे? सगळी क्रियापदे आज्ञार्थी, आणि एका 'की'ने त्यांची धार मोडलेली. जपानीत वाक्याच्या शेवटी 'ने' आणि 'यो' येतात, त्यांची जात या 'की'चीच. व्याकरणाच्या पुस्तकात अशा अव्ययांना दोन ओळी मिळतात. संसार मात्र त्यांच्यावर चालतो. तेच आपल्या फायद्याचे मागणे असले की हीच मात्रा उलटी पडते. "पैसे द्या की" हे आर्जव राहत नाही, तगादा होतो. "कुदासाइ यो" म्हटले तर जपानी कानालाही तोच तगाद्याचा सूर लागतो.

मराठी सगळीकडेच हात देते असे मात्र नाही. दोन जागी ती पाय ओढते. आपले 'देणे' एकच. मी दिले तरी देणे आणि मला दिले तरी देणे. जपानीत मला दिले ते 'कुरेरु', आणि मी दुसऱ्याला दिले ते 'आगेरु'. मुले उत्साहाने साहेबाला जाऊन सांगतात, "तेत्सुदात्ते आगेमास्", म्हणजे "मदत करून देतो". व्याकरणात चूक काहीच नाही. पण वरिष्ठापुढे हे उपकार मोजून दाखवल्यासारखे होते. तिथे "ओतेत्सुदाइ शिमाशो का?", मदत करू का, एवढेच म्हणावे. दुसरी जागा 'तुम्ही'ची. पुस्तकात 'आनाता'पुढे 'तुम्ही' छापलेले असते, आणि आपल्याकडे 'तुम्ही' हा मानाचा शब्द. जपानीत वरच्या माणसाला आनाता म्हणत नाहीत. त्याच्या आडनावाला 'सान' लावायचे किंवा त्याचे पद घ्यायचे, आणि सर्वनाम गिळून टाकायचे. "मामा, कुठवर आलं काम?" यात 'तुमचं' नाही, कोणाला त्याची उणीवही भासत नाही. तसेच.

आता रजेचे बघू. गावाकडे सालगडी मालकापुढे येऊन उभा राहतो. थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "मालक, उद्या जरा पावण्यांकडं जायचं होतं…" आणि थांबतो. जायचे उद्या, आणि क्रियापद भूतकाळी! मागणी जणू मागेच येऊन गेली, आता तिचा आग्रह नाही. वाक्यही तो पुरे करीत नाही. उरलेले अर्धे मालकाने पुरे करायचे असते, "मग जा की." मागणाऱ्याने तोंडाने मागितले नाही, देणाऱ्याने आपण होऊन दिले. दोघांचीही शोभा राहिली. मी याला आपल्या बोलीतले एक मोठे कसब मानतो, आणि शाळेत मात्र आम्ही मास्तर मंडळी "वाक्य पूर्ण करा" म्हणून मुलांच्या मागे लागतो.

जपानी कामगार काय म्हणतो ते ऐका. "सुमिमासेन्, आशिता योजि गा आरुन् देस् गा…" माफ करा, उद्या काम आहे, पण… यातला शेवटचा 'गा' म्हणजे आपला 'पण'. त्या 'पण'वर तो थांबतो. पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. साहेब कान देतो आहे असे दिसले, तर पुढचे वाक्य: "यासुमासेते इतादाकेमासेन् का?" म्हणजे "सुट्टी घेऊ देणं होईल का?" मराठीत 'जाऊ द्या', 'बोलू द्या', 'घेऊ द्या' म्हणतो, तोच हा प्रकार, माझ्या जाण्याचा धनी मी नाही, तुम्ही. नवखा मुलगा उलटे करतो. तो आधी "उद्या रजा पाहिजे" म्हणतो आणि मग कारणे सांगत बसतो. कारण आधी, मागणे नंतर, आणि जमल्यास मागणे दुसऱ्याच्या तोंडून. एवढा क्रम सांभाळला तर उच्चार थोडा इकडेतिकडे झालेला तिथे कोणी मनावर घेत नाही.

'सुमिमासेन्' या शब्दावर क्षणभर थांबायला हवे. 'सुमु' म्हणजे संपणे, फिटणे. त्याचे नकारार्थी रूप सुमिमासेन्: फिटत नाही. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत" असे आपण म्हणतो, त्यातलेच फिटणे. म्हणून तो शब्द माफीलाही चालतो, आभारालाही, आणि हॉटेलात पोऱ्याला हाक मारायलाही. तसाच दुसरा, "योरोशिकु ओनेगाइ शिमास्". हे वाक्य जपानात दिवसातून दहा वेळा कानावर पडते, आणि इंग्रजी पुस्तके त्याचा अर्थ सांगताना घामाघूम होतात. मराठीत त्याचा अर्थ जुन्या पत्रांच्या शेवटी लिहून ठेवलेला आहे, "लोभ असावा ही विनंती." नव्या नोकरीवर पहिल्या दिवशी म्हणायचे तर "सांभाळून घ्या". अजून मागितलेले काहीच नाही, पुढे मागायची वेळ येईल त्याची ही पेरणी.

भावाच्या घासाघिशीचे काय? जपानात बहुतेक दुकानांत भाव ठरलेले. घासाघीस हे तिकडचे रोजचे काम नव्हे. ओसाका शहराचे व्यापारी त्याबाबत अपवाद म्हणून प्रसिद्ध आहेत. तिथे गिऱ्हाईक विचारते, "मो सुकोशि यासुकु नारिमासेन् का?" म्हणजे "आणखी थोडं स्वस्त होणार नाही का?" 'करणार' नव्हे, 'होणार'. सांगलीच्या गणपती पेठेत आपण दुसरे काय विचारतो? "काय कमी-जास्त होतंय का बघा की." भाव जणू आपला आपण वर-खाली होतो, दुकानदाराचा त्यात हातच नाही! त्याला नाही म्हणायचे असले तरी सोपे जाते. "होत नाही हो", बस्स. आणखी एक गमतीचा शब्द आहे, 'माकेते'. माकेरु म्हणजे हरणे. भाव कमी करा हे सांगायला "माकेते कुदासाइ" म्हणतात. शब्दशः घेतले तर "एवढी वेळ हार घ्या". भाव पाडून मागताना विजय कोणाचा झाला, हे गिऱ्हाईक आधीच कबूल करून टाकते.

पण आपल्या मुलांना तिकडे भाव करायचा असतो तो टोमॅटोचा नव्हे. खोली बदलून हवी असते, रात्रपाळी कमी करून हवी असते, जादा तासांचा हिशेब बघायचा असतो. असल्या वाटाघाटीला जपानी लोक चारचौघांत हात घालीत नाहीत. त्यांच्याकडे 'नेमावाशि' म्हणून शब्द आहे. मोठे झाड एका जागेवरून दुसरीकडे लावायचे, तर आधीपासून त्याच्या मुळांभोवती खणून ती तयार करून घेतात. 'ने' म्हणजे मूळ. बैठकीत विषय निघण्यापूर्वी ज्याला त्याला एकेकट्याने गाठून कानावर घालून ठेवायचे, म्हणजे बैठकीत धक्का कोणालाच बसत नाही. आपल्याकडे लग्नाची बैठक अशीच होते. देण्याघेण्याचे, मानपानाचे सगळे मध्यस्थाने दोन्ही घरी फेऱ्या घालून आधीच मिटवलेले असते. सुपारी फोडायच्या दिवशी फक्त ते मोठ्याने सांगायचे.

आणि बैलबाजार. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत किंवा पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. जुन्या पद्धतीत तिथला सौदा तोंडाने होत नसे. हातावर रुमाल किंवा उपरण्याचा सोगा टाकायचा आणि त्याखाली बोटे दाबून आकडा सांगायचा, करपल्लवीच ती. भोवती माणसांचे कोंडाळे, पण आकडा दोघांनाच ठाऊक. लोक म्हणतात, दलालांची ही लबाडी. लबाडीला तिथे जागा होती हे खरेच. पण रुमालाचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. नकार कोणाला दिसत नसे. पडेल आकडा लावणाऱ्याची चारचौघांत फजिती होत नसे, आणि बैलवाल्यालाही "नाही" हा शब्द उच्चारावा लागत नसे. हात नुसता मागे घेतला की झाले. जपानी माणूस हा रुमाल सगळीकडे बरोबर घेऊन फिरतो; त्याचा रुमाल शब्दांचा असतो, एवढाच फरक.

नकार ओळखता येत नाही, इथे आपली मुले सर्वांत जास्त ठेचकाळतात. पहिला घोटाळा 'हाइ'चा. पुस्तकात हाइ म्हणजे होय. प्रत्यक्षात बोलताना जपानी माणूस दर वाक्याला हाइ म्हणतो, त्याचा अर्थ "ऐकतोय". शाहिराच्या मागे झीलकरी "जी जी रं जी" करतात. त्यांनी शाहिराच्या म्हणण्याला मान्यता दिली असे कोणी धरीत नाही. दुसरा घोटाळा आपल्या सुरुवातीच्या 'चोत्तो'चाच. उद्या येता का, असे विचारल्यावर समोरचा "आशिता वा चोत्तो…" म्हणून गप्प झाला, तर ते नाही. उद्या जरा… पुढे काही नाही. आपणही "उद्या जरा अवघड हाय" म्हणतो. अवघडला त्यांचा शब्द 'मुझुकाशिइ', आणि त्याचाही व्यवहारातला अर्थ जमणार नाही असाच. "कान्गाएते ओकिमास्" म्हणजे "विचार करून ठेवतो". ठेवतो! तो विचार मग तिथेच ठेवलेला राहतो. आपल्याकडच्या "बघू"ची ही सख्खी भावंडे. एखाद्या पुढाऱ्याने "बघू" म्हटल्यावर काय समजायचे, हे आपल्या भागातल्या शेंबड्या पोरालाही कळते. मग परक्या भाषेत तेच ऐकून आपण का हुरळून जातो?

मोठमोठी माणसेही हुरळली आहेत. १९६९ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांच्या वाटाघाटी झाल्या. ओकिनावा बेट जपानला परत मिळायचे होते, आणि अमेरिकेला जपानी कापडाची आयात कमी व्हायला हवी होती. सातोंनी तेव्हा "झेन्शो शिमास्" म्हटले, म्हणजे "योग्य ते करू", आणि दुभाष्याने त्याचे पक्के आश्वासन करून टाकले, अशी हकीकत नेहमी सांगतात. नेमके शब्द काय होते याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. वचन मिळाले असे निक्सन धरून चालले आणि पुढे काही घडेना म्हणून भयंकर चिडले, याविषयी मात्र वाद नाही. कापडाचा तो तंटा मिटायला १९७१चा ऑक्टोबर उजाडला.

आमचा एक माजी विद्यार्थी आइची प्रांतात एका अन्नपदार्थांच्या कारखान्यात आहे. सतत रात्रपाळीने पोट बिघडले, म्हणून त्याने दिवसपाळी मागितली. बोलला उत्तम, कारण आधी, मागणे नंतर, सगळे रीतसर. मुकादम म्हणाला, "केन्तो शिमास्", म्हणजे "विचारात घेऊ". पोराने रात्री मला आनंदाने कळवले, "सर, काम झालं." दोन महिने काहीच नाही. मी त्याला म्हटले, आता पुन्हा मागू नकोस, तारीख विचार. आणि त्याही आधी, तुमच्यात जो जुना कामगार असेल त्याच्या कानावर घाल. त्याने तसे केले. त्या जुन्या माणसाने मुकादमाला आधी सहज म्हणून सांगून ठेवले. मग याने जाऊन विचारले, "इत्सु गोरो वाकारु देशो का?", साधारण कधी कळेल? या प्रश्नात मागणे काहीच नाही, पण 'विचारात घेऊ'च्या मागे लपायलाही जागा राहत नाही. उत्तर आले की एप्रिलमध्ये नवी माणसे येईपर्यंत जमणार नाही. म्हणजे नकारच, पण आता तो हातात होता. त्याने औषधपाण्याची आणि जेवणाच्या वेळांची व्यवस्था त्या हिशेबाने लावली.

एक गोष्ट मात्र मी मुलींना आणि मुलांना बजावून सांगतो, विशेषतः शुश्रूषेच्या कामाला जाणाऱ्या मुलींना. हे सगळे आर्जव कामाच्या वाटाघाटीपुरते. यंत्रात बोट सापडले, कोणी अंगावर हात टाकला, ताप चढला, तर वाक्य अर्धे सोडायचे नाही आणि चोत्तो तर मुळीच म्हणायचे नाही. "इताइ देस्", दुखतंय. "तासुकेते", वाचवा. "यामेते कुदासाइ", थांबवा हे. मराठी मुलीला मोठ्याने ओरडायची लाज वाटते. परक्या भाषेत आणखीनच. म्हणून हे तीन शब्द मी त्यांना वर्गात उभे करून ओरडायला लावतो. शेजारच्या वर्गाची तक्रार येते, येऊ दे. आणि सहीसाठी कागद पुढे आला तर मान हलवून "हाइ, हाइ" करू नये. समजले नसेल तर "वाकारिमासेन्". जादा तास, कापलेले पैसे, खोलीचे भाडे, यांचा हिशेब तोंडी सांगू लागले तर तलाठ्याच्या दारातले आपले वाक्य आहेच, "काइते इतादाकेमासेन् का?" लिहून मिळेल का?

आभारांचे तेवढे सांगायचे राहिले. आपल्याकडे घरच्या माणसाला, शेजाऱ्याला 'धन्यवाद' म्हटले तर तो चमकून बघतो. आपण आभार शब्दांनी मानीत नाही. शेजारणीने वाटीभर काही दिले, तर तिची वाटी रिकामी परत करीत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. जपानातल्या जुन्या पिढीतही अशीच चाल होती. भांडे परत देताना त्यात आगपेटी किंवा कागदाचे दोन-चार ताव ठेवीत. पण त्यांच्याकडे यावर शब्दही लागतात, आणि तेही दोनदा. काम झाले तेव्हा एकदा, आणि पुढच्या भेटीत पुन्हा एकदा: "सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता", परवाबद्दल आभारी आहे. आपली मुले हे दुसरे आभार विसरतात, कारण आपल्या लेखी ती गोष्ट परवाच संपलेली असते. हे वाक्य भेटल्याबरोबर म्हणावे, कामाचे दुसरे काही बोलण्याच्या आधी.